गंगाखेडची जनी: दुसऱ्याच्या दारी ठेवलेल्या एका लहान मुलीची गोष्ट

परभणीहून दक्षिणेला निघालं की चाळीसेक किलोमीटरवर गोदावरी लागते. नदी ओलांडली की गंगाखेड. या भागातले लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. घाटावर दशक्रियेची गर्दी असते, नदीकाठी संत जनाबाईचं मंदिर आहे आणि गावातल्या महाविद्यालयालाही तिचंच नाव आहे.

जनाबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. एक बाई जात्यावर बसली आहे आणि समोर विठोबा खुंटा धरून तिला दळू लागतो आहे. कॅलेंडरवर हेच, सिनेमात हेच आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातही हेच.

चित्र गोड आहे, पण त्यात एक गोष्ट दिसत नाही. ती त्या घरात पहिल्यांदा आली तेव्हा बाई नव्हतीच. परंपरा तिचं वय पाच-सात वर्षांचं सांगते. आई गेलेली, बाप सोडून परत निघालेला, गाव दोनशे किलोमीटरहून लांब आणि समोर परक्यांचं घर. आज एखादं लेकरू अशा अवस्थेत कुणाच्या दारात उभं दिसलं तर आपण त्याच्या मनाचं काय होत असेल याची काळजी करू. जनीच्या बाबतीत मात्र आपण थेट अभंगांवर येतो, मधली मुलगी गाळून.

आज त्या मधल्या मुलीबद्दल बोलूया.

जनी पंढरपूरला कशी आली?

आधी थोडी पार्श्वभूमी. जनाबाई नामदेवांच्या काळातली. नामदेवांचा काळ इ.स. 1270 ते 1350 असा मानतात. म्हणजे देवगिरीच्या यादवांचं राज्य शेवटच्या टप्प्यात होतं, 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीची स्वारी झाली आणि पुढच्या दोन दशकांत ते राज्य संपलं. जनीचं लहानपण आणि तारुण्य या धामधुमीतलं. तिच्याबद्दलची माहिती येते ती मुख्यतः तिच्या आणि नामदेवांच्या अभंगांतून आणि महिपतींच्या भक्तविजय या ग्रंथातून. भक्तविजय 1762 चा. म्हणजे त्यात आणि जनीत चारशे वर्षांचं अंतर आहे, हे लक्षात ठेवून वाचायचं.

वडिलांचं नाव दमा, आईचं करुंड. त्या काळी शूद्र मानलेल्या जातीतलं, विठ्ठलाची भक्ती करणारं गरीब कुटुंब. पुढे काय झालं, याच्या दोन कथा आहेत. एकीत आई वारते. दमा पोरीला घेऊन पंढरीला जातो आणि दामाशेटी शिंपी यांच्या घरी तिला ठेवून येतो. हे दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. दुसऱ्या कथेत मुलगी आईवडिलांसोबत यात्रेला येते आणि देवळापाशी असा हट्ट धरते की परत जायला तयारच होत नाही.

दुसरी कथा भाविकाला जवळची वाटते, कारण तिच्यात निर्णय मुलीचा आहे. मला पहिली जास्त खरी वाटते. गरिबाघरचा विधुर, पदरात लहान मुलगी. तिला खायला कुठे मिळेल, ती सुरक्षित कुठे राहील, एवढाच हिशेब त्याच्यापुढे असणार. असे बाप तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना निर्दयी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण बापाची मजबुरी खरी असली म्हणून लेकराचं तुटणं खोटं ठरत नाही.

गंगाखेडहून पंढरपूर म्हणजे दहा-बारा दिवसांची पायपीट. येताना बापाचं बोट धरलेलं. जाताना बाप एकटाच.

रडणं थांबलं म्हणजे मूल रुळलं का?

इथे थोडं लंडनला जाऊन यावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो मुलं बेघर झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाला या मुलांचा अभ्यास करायला सांगितलं. 1951 मध्ये त्याचा अहवाल आला. लहान वयात जिव्हाळ्याच्या माणसापासून ताटातूट झाली की मुलाच्या मनावर खोल परिणाम होतो, अन्न-वस्त्र-निवारा दिला म्हणजे काम संपत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

बोल्बीबरोबर जेम्स रॉबर्टसन काम करायचा. त्याने दवाखान्यात एकट्या ठेवलेल्या मुलांकडे बारकाईने पाहिलं. तेव्हा ब्रिटनमधल्या दवाखान्यांत आईवडिलांना मुलाजवळ थांबू देत नसत. परिचारिका सांगत, पहिले काही दिवस मूल रडतं, मग छान रुळतं. रॉबर्टसनला दिसलं ते वेगळंच. मूल आधी आकांत करतं. मग आशा सोडून गप्प होतं. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांशी वरवर हसतं, पण आई आली तरी तिच्याकडे जात नाही. ज्याला मोठी माणसं रुळणं म्हणत होती, ते आशा सोडणं होतं. कुणी विश्वास ठेवेना म्हणून त्याने 1952 मध्ये एक माहितीपट केला. दोन वर्षं पाच महिन्यांची एक मुलगी आठ दिवस दवाखान्यात राहते, एवढीच त्याची गोष्ट. डॉक्टरमंडळी तो पाहून आधी चिडली. पण पुढे 1959 मध्ये सरकारी समितीनेच आईवडिलांना भेटू द्यावं, अशी शिफारस केली आणि हळूहळू दवाखान्यांचे नियम बदलले.

आपल्याकडे अशा गप्प मुलाला एक गोंडस नाव आहे: समजूतदार. आई गेलेली, पण पोर बघा कशी शहाण्यासारखी भांडी घासते, लहान भावाला सांभाळते, एका शब्दाने कुरकुर करत नाही. हे कौतुक मयताच्या घरी बसलेल्या बायकांकडून आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. त्या पोरीला त्यातून एकच गोष्ट कळते. आता रडायचं नाही.

शिंप्याच्या घरातली पंधरावी

दामाशेटींचं घर मोठं होतं. दामाशेटी आणि गोणाई हे थोरले जोडपं. मुलगा नामदेव, सून राजाई. पुढे नामदेवांना नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे झाले, त्यांच्या चार बायका आल्या. शिवाय लेक लिंबाई आणि बहीण आऊबाई. घरातल्या माणसांची अशी नावानिशी यादी देणारा एक अभंग आहे. सगळे मोजून झाले की शेवटी जनी येते, पंधरावी.

या एका यादीत तिची सगळी स्थिती आहे. ती घरातली आहे, म्हणूनच यादीत आहे. आणि ती दासी आहे, म्हणूनच शेवटी आहे.

काम काय काय होतं, ते तिच्या अभंगांतूनच कळतं. पहाटे दळण. मग कांडण. अंगण झाडायचं, केर भरायचा, पाणी आणायचं, शेण गोळा करून गोवऱ्या थापायच्या, धुणं धुवायचं. नामदेवांच्या घरचे लोक वाईट होते, असं कुठेही नाही. उलट हे घर त्या काळातल्या कितीतरी घरांपेक्षा मायाळू असावं. पण मायाळू घरातही मोलाने राहणाऱ्या पोरीचा दिवस कामाने सुरू होतो आणि कामानेच संपतो.

आजच्या कायद्याने जनी बालकामगार ठरली असती. 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर भारतात 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर तर घरच्यांना शाळेबाहेरच्या वेळेत हातभार लावण्यासारखे थोडे अपवाद वगळता त्या वयाच्या मुलांना कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. तरीही नात्यातली मुलगी, गावाकडची मुलगी, शिकायला आणलेली मुलगी अशा नावांनी शहरांतल्या घरांत ती आजही सापडते.

अशा मुलीच्या वाट्याला कष्टाखेरीज आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे संशय. जनाबाईच्या चरित्रातली पदकाची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. देवाच्या गळ्यातलं पदक नाहीसं होतं आणि ते जनीकडे सापडतं. चोरीचा आळ येतो, तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेतात आणि सुळाचं पाणी होतं. चमत्कार मानायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. पण गोष्टीच्या आधीच्या भागात काहीच चमत्कारिक नाही. घरात वस्तू हरवली की पहिली झडती कुणाची होते, हे घरकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

जात्यापाशी कोण ऐकायचं?

आता त्या प्रसिद्ध चित्राकडे येऊ.

पहाटे घर झोपलेलं असतं. जातं आणि जनी, दोघंच. जात्याची घरघर एवढी असते की आपण काय बोलतो ते दुसऱ्या खोलीत ऐकू जात नाही. महाराष्ट्रातल्या बायकांनी या आडोशाचा शेकडो वर्षं उपयोग केला. सासरचा जाच, माहेरची आठवण, मेलेलं लेकरू, नवऱ्याचा मार, जे उजेडात बोलता येत नाही ते अंधारात जात्याला सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा ओव्या जमवल्या तेव्हा आकडा एक लाखाच्या वर गेला. त्या बायकांकडे बोलण्यासारखं होतं आणि माणूस ऐकायला नव्हता.

जनीने जात्याशी बोलता बोलता समोर विठ्ठलाला बसवलं. तिच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत आणि त्यातल्या कितीतरी अभंगांत तो तिच्या कामात हात घालतो. दळतो, कांडतो, केर काढतो, गोवऱ्या वेचतो. तिला न्हाऊ घालतो, तिच्या डोक्यातल्या उवा काढतो.

हे शेवटचं वाचून थांबायला हवं. न्हाऊ घालणं, वेणी घालणं, उवा काढणं ही देवाची कामं नव्हेत. ती आईची कामं आहेत. जी कामं तिच्यासाठी करायला कुणी नव्हतं, नेमकी तीच तिने विठ्ठलाला दिली. त्याला ती बाई म्हणते, माय म्हणते. लोककथेत तर गोणाईला पहाटे दोन आवाज ऐकू येतात, कोण आलंय म्हणून ती बघायला जाते आणि विठोबा बाईचं रूप घेऊन विठाबाई होतो. आईबाप गेले, आता तूच सांभाळ, असा थेट धावाही तिच्या अभंगात आहे.

भाविक म्हणेल, देव खरोखर आला. मानसशास्त्रज्ञ म्हणेल, एकाकी मूल मनातला सोबती उभा करतं आणि ते आजाराचं नव्हे, सांभाळून घेण्याचं लक्षण असू शकतं. या दोघांच्या भांडणात पडायचं कारण नाही. दोघांनाही मान्य व्हावी अशी गोष्ट एकच: त्या मुलीला ऐकणारं कुणीतरी मिळालं होतं.

आणि ऐकणारा कसा? तिच्या अभंगांतला काही भाग तर सरळ भांडण आहे. खेड्यातली आई चिडल्यावर पोराला जे बोलते, त्या भाषेत ती विठ्ठलाला झोडते. त्याच्या बायकोलाही सोडत नाही. तो आला नाही, उशीर केला, विसरला, म्हणून रुसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच गळ्यात पडते. दासीने मालकिणीवर चिडायची सोय नव्हती. देवावर चिडता येत होतं आणि तो चिडल्याबद्दल तिला टाकून देत नव्हता.

मुलांशी बोलणारे समुपदेशक आज जे करतात, त्याचा गाभा यापेक्षा फार वेगळा नाही. मूल रागाने वाटेल ते बोलतं. समोरचा माणूस ते ऐकून घेतो, उपदेश करत नाही आणि पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी पुन्हा तिथेच बसलेला असतो.

वयात येतानाचा काळही अभंगांत डोकावतो. बाईचा जन्म आला म्हणून उदास होऊ नये, असं ती एका ठिकाणी सांगते. डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन भर बाजारात जाण्याची भाषाही तिच्या नावावर आहे. लोक काय म्हणतील हे तिला ठाऊक होतंच. किशोरवयातल्या मुलीला देहाची, नजरांची आणि नावं ठेवणाऱ्यांची जी भीती असते, तिला तिने उघडपणे तोंड दिलं.

तिच्या नावावर काही आख्यानंही आहेत. त्यांत एक प्रल्हादाचं, ज्याला सख्खा बापच छळतो. दुसरं हरिश्चंद्राचं, ज्याच्यात तारामती आणि लहानगा रोहिदास दुसऱ्याच्या घरी कामाला विकले जातात. या गोष्टी तेव्हा सगळेच सांगायचे. तरीही गंगाखेडहून आलेल्या मुलीने रोहिदासाची गोष्ट सांगताना तिला काय आठवत असेल, हा विचार मनातून जात नाही.

एक माणूस पुरतो

जनीचं सगळं जगणं जात्यापाशीच संपलं असतं तर ती आपल्याला माहीतही झाली नसती. घरात नामदेव होते. त्यांच्याभोवती ज्ञानेश्वर, निवृत्ती, सोपान, मुक्ताई, चोखामेळा, गोरा कुंभार, सावता माळी असे वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या धंद्यांचे लोक जमत होते. त्या बैठकीत दासी म्हणून पाणी देणारी मुलगी अभंग रचू लागली आणि कुणी तिला गप्प बसवलं नाही. सगळ्यांचे अभंग कोण लिहून घेतं, याची यादी देणारा तिचा एक अभंग आहे. ज्ञानेश्वरांचे चिदानंदबाबा, चोखोबाचे अनंतभट्ट असं करत शेवटी ती म्हणते, जनीचे अभंग खुद्द पांडुरंग लिहितो. घरातल्या यादीत शेवटी असलेली मुलगी इथेही शेवटीच आहे. पण इथे तिने स्वतःसाठी सगळ्यात मोठा लेखनिक ठेवला. यात तिचा मिश्कीलपणा मला फार आवडतो.

ती सही करायची तीही नामदेवांचं नाव जोडून, नामयाची दासी म्हणून. आजच्या वाचकाला दासी हा शब्द टोचतो आणि टोचलाच पाहिजे. पण त्या सहीत आणखीही काही आहे. मी कुणाची तरी आहे, असं ती प्रत्येक अभंगाच्या शेवटी सांगते.

हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या एका बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा अभ्यास एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकं केला. त्यांतली बरीच मुलं गरिबी, घरातलं व्यसन, आजारपण, भांडणं अशा वातावरणात वाढली. त्या कठीण परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश पुढे चांगली, समर्थ, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात काय सारखं होतं, ते पाहिलं तर त्यातली एक गोष्ट अशी निघाली की त्यांना लहानपणी किमान एक तरी भरवशाचं माणूस मिळालं होतं. आईबापच असं नाही. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कुणीही.

मात्र हा आकडा उलटाही वाचायला हवा. उरलेल्या दोन तृतीयांश मुलांना तडाखा बसलाच. जनाबाईचं उदाहरण देऊन कष्टाने माणूस घडतो असं सांगणारे कीर्तनकार, शिक्षक आणि पालक भेटतात, तेव्हा हे आठवावं. त्या काळी दुसऱ्याच्या दारी ठेवलेल्या मुली किती असतील? त्यांच्यातली एक जनाबाई झाली. बाकीच्यांचं नावही राहिलं नाही.

गंगाखेड तालुक्यात आज

कार्तिकी एकादशी दिवाळीनंतर येते. त्याच सुमारास परभणी आणि बीड जिल्ह्यांतल्या गावांतून ऊसतोड टोळ्या निघालेल्या असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, ज्वारीची पोती, कधी शेळी, आणि सोबत नेलं तर लेकरू. पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर पाच-सहा महिने कोपीत राहायचं. सोबत गेलेली मोठी मुलगी लहान भावंडं सांभाळते. मागे ठेवलेली मुलगी आजी-आजोबांना सांभाळते. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या तालुक्यांत हे दरवर्षीचं आहे.

मुलांची शाळा बुडू नये म्हणून जिल्हा परिषदेमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय होते. म्हणजे मूल गावातच राहतं, दोन वेळचं जेवण मिळतं, शाळा चालू राहते. सोय चांगली आहे आणि हवीच. पण पोटाची आणि पाटीची सोय झाली, तरी संध्याकाळी आईची आठवण येते तेव्हा काय करायचं, हा प्रश्न उरतोच. दामाशेटींच्या घरी जनीला भाकरी मिळत होतीच की.

अशा मुलाच्या मनात काय चाललंय, ते शब्दांत क्वचित येतं. लहान मुलाचं पोट दुखतं आणि डॉक्टरला काही सापडत नाही. अंथरूण ओलं करणं सुटलेलं असतं, ते पुन्हा सुरू होतं. आजीचा पदर सोडत नाही, शाळेला नको म्हणतं किंवा अचानक फार शहाणं होतं. मोठ्या मुलांत ते चिडचिड, झोप उडणं, मित्र तोडणं, जेवणावरची वासना जाणं अशा रूपात दिसतं. मुलगे तर रडण्याऐवजी मारामारी करतात, कारण मारामारी केली तर मार बसतो, पण हसं होत नाही. अमेरिकेतल्या 2005 च्या एका मोठ्या अभ्यासानुसार आयुष्यभरातल्या मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या 14 व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणून लहान आहे, विसरून जाईल, हा आपला आवडता दिलासा धोक्याचा आहे.

करता येण्यासारख्या गोष्टी बऱ्याचशा बिनखर्चाच्या आहेत. पहिली म्हणजे निघताना खोटं न बोलणं. लेकरू रडेल म्हणून ते झोपेत असताना निघून जाणारे आईबाप पुष्कळ. उठल्यावर ते जास्तच घाबरतं आणि नंतर महिनोन्‌महिने झोपायलाच भितं. कुठे जातोय, किती दिवस, कोणत्या सणाला परत, हे सांगावं आणि रडू द्यावं. फोन रोज नाही जमला तरी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी यावा. आईचं एखादं जुनं लुगडं उशाला राहू द्यावं. आजीने आईचा विषय टाळू नये, उलट काढावा. मूल आईवर चिडलं तर, बघ ती तुझ्यासाठीच मरमर मरते, असं सांगून त्याला अपराधी करू नये. राग खरा असतो. तो बोलून झाला की बराचसा ओसरतो.

शिक्षकाला चाळीस मुलांत हे सगळं जमणार नाही. पण हजेरी घेताना गप्प झालेल्या एका मुलाला मधल्या सुट्टीत पाच मिनिटं जवळ बसवणं जमतं.

मोठ्या मुलाच्या तोंडून जगण्यात अर्थ नाही, मी नसलो तर बरं, असं काही आलं तर ते नाटक समजू नये. मरणाचा विचार येतो का, असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नये, कीटकनाशकाचा डबा घरातून हलवावा आणि मदत मागावी. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही आहे. ती 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. मुलाला मारहाण, अत्याचार, बालविवाह किंवा कामाला जुंपण्याचा प्रकार असेल तर 1098 हा क्रमांक. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो आणि तिथे जाण्यासाठी वेड लागलेलं असावं लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांना आधी पटवावं लागतं.

शेवटची वर्षं

जनीचं लग्न झाल्याचा उल्लेख परंपरेत येत नाही. ती त्याच घरात राहिली. मुलगी म्हणून आली होती, पुढे नामदेवांच्या नातवंडांच्या वयाची पोरंही तिच्यासमोर खेळली असतील. बाळकृष्णाच्या खोड्यांवरचे तिचे अभंग वाचताना ती लहान मुलांना जवळून बघत होती, हे जाणवतं.

शके 1272, म्हणजे इ.स. 1350, आषाढ वद्य त्रयोदशी. या दिवशी नामदेवांनी पंढरपूरला समाधी घेतली, असं वारकरी मानतात आणि त्यांच्यासोबत घरातल्या इतरांनी आणि जनीनेही. महाद्वारातली नामदेव पायरी ती हीच. येणारा-जाणारा वारकरी तिच्यावर पाय न ठेवता डोकं टेकतो.

पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला जनाबाईचा संसार म्हणून तिच्या वापरातल्या वस्तू दाखवतात. त्यात जातंही आहे. वारीला आलेल्या बाया तिथे लेकरांना घेऊन थांबतात आणि विठोबा इथे बसून दळायचा, असं सांगतात. परभणीकडच्या दिंडीतली एखादी आजी मात्र आधी हे सांगते की जनी आपल्याकडची, गंगाखेडची, आणि आली तेव्हा तुझ्याएवढी होती.